तिसावा टोल

नोव्हेंबरात आम्ही अम्मीला घेऊन अमेरिकेत, मिनेसोटात धाकट्या भावाकडे होतो. त्याने सुपीरियर सरोवराकाठचे दीपस्तंभ दाखवायला नेले. याला सरोवर तरी कसे म्हणावे? पलीकडचा काठ दिसत नव्हता, वाऱ्यापुढे गाडीचे दार उघडत नव्हते.

डुलुथच्या धक्क्यावर लाटा आदळत होत्या. २८ नोव्हेंबर १९०५ च्या तुफानात इथेच 'माटाफा' जहाज फुटले. काठावर हजारो माणसे उभी होती, पण मदत पोहोचेना. रात्रीत नऊ खलाशी दगावले. त्या तुफानाने बऱ्याच जहाजांची हानी केली, म्हणून पुढे उंच कड्यावर स्प्लिट रॉकचा दीपस्तंभ उभा राहिला. तो १९१० ते १९६९ जळला.

आता तो दरवर्षी १० नोव्हेंबरला पेटवतात. १९७५ साली त्याच तारखेला 'एडमंड फिट्झगेराल्ड' बुडाले. २९ जणांपैकी एकही वाचला नाही. प्रत्येक नावाला घंटेचा एक टोल. तिसावा टोल सरोवरांत बुडालेल्या सर्वांसाठी.

आमचे अब्बाही जहाजावर होते. कोकणातल्या घरी अम्मी मगरिबनंतर ओट्यावर कंदील ठेवायची. तिसाव्या टोलाला तिने ओढणीआड दुआचे हात उचलले.

परतताना म्हणाली, "तो कंदील तुमच्या अब्बांना दिसणार नाही, हे मला ठाऊक होतं. पण तुम्ही रोज विचारायचात, अब्बा कधी येणार? तेव्हा तुम्हाला दाखवायला काहीतरी हवं होतं ना!"