तेराव्या मजल्यावर दूध का नासतं?

चेन्नईत नव्या घरी राहायला जाण्याआधी भल्या पहाटे मुहूर्तावर दूध तापवून उतू जाऊ देतात. आपल्याकडेही हीच रीत, त्यामुळे वेलचेरीत आमचा फ्लॅट झाला तेव्हा शेजारच्या मामींना मला काही शिकवावं लागलं नाही. त्यांनी एवढंच बजावलं, "'यावरुम नलम' इतक्यात पाहू नकोस." अर्थात मी तो त्याच आठवड्यात पाहिला.

विक्रम कुमार यांचा हा चित्रपट मार्च २००९ मध्ये तमिळमध्ये 'यावरुम नलम' आणि हिंदीत '१३बी' या नावानं आला. नायक मनोहर झालाय माधवन, म्हणजे कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेला. डॉक्टरच्या भूमिकेत आपले सचिन खेडेकर.

मनोहरचं एकत्र कुटुंब तेराव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये येतं आणि दूध नासायला लागतं. देवाची तसबीर लावायला भिंतीत खिळा बसत नाही. लिफ्ट सगळ्यांना वर नेते, मनोहर एकटा असला की हलत नाही. घरात मोबाइलवर काढलेल्या फोटोत त्याचाच चेहरा वेडावाकडा येतो. यातलं एकही संकट पोलिसांत सांगण्याजोगं नाही. पण गृहप्रवेशाला आपण ज्या शुभखुणा जपतो, त्या दिग्दर्शकानं एकेक करून उलट्या केल्या आहेत. मला धडकी भरली ती तिथे.

दुपारी एकला, म्हणजे तेरा वाजता, घरातल्या बायका एक नवी मालिका लावून बसतात. मालिकेतलं कुटुंबही नुकतंच नव्या घरी आलेलं. तिथे जे घडतं तेच इथेही घडतं, पण ते लक्षात येतं फक्त मनोहरच्या. 'पोल्टरगाइस्ट'मधली (१९८२) भुतं टीव्हीवरच्या मुंग्यांमधून बोलतात. इथली थेट मालिका काढतात! घरोघरी दुपार मालिकांवर सरते, तिथे याहून सोयीचा दरवाजा भुताला कुठला मिळणार?

या टीव्हीला कथेत कारणही आहे. फ्लॅटच्या जागी पूर्वी एक घर होतं आणि १९७७ साली त्यातल्या कुटुंबाची हत्या झाली होती. घरातली मुलगी टीव्हीवर बातम्या द्यायची. मद्रास दूरदर्शन सुरू झालं १५ ऑगस्ट १९७५ला. तेव्हा निवेदिकेचा चेहरा किती नवलाईचा असेल, विचार करा. जुनी घरं पाडून अपार्टमेंट उभी करणाऱ्या या शहरात जागेचा इतिहास कोण विचारतो? आम्ही बिल्डरला पार्किंग विचारलं, पाणी विचारलं. आधी इथे कोण राहायचं, हे विचारलं नाही.

शेवटाकडे उलगडा जरा घाईत होतो, गाण्यांनी पकड सुटते. तरी पी. सी. श्रीराम यांच्या कॅमेऱ्यानं भरदिवसा, उजेडाच्या खोल्यांत उभी केलेली भीती अस्सल आहे. जमल्यास तमिळमध्येच बघा, सबटायटल्स लावून. आईच्या भूमिकेतल्या शरण्या पोन्वण्णन तिथेच भेटतील. फक्त वास्तुशांत आधी उरकून घ्या.