प्रयोगशाळेत शास्त्रज्ञांशिवाय कोण कोण असतं?



दहावीच्या वर्गात "शास्त्रज्ञ कोणाला व्हायचंय?" असं विचारून बघा. दोन-चार हुशार मुलांचे हात वर होतात. बाकीची मुलं मनातल्या मनात ठरवून टाकतात, हे आपलं काम नाही. इथेच आपली चूक होते.

नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. आकाशातले संदेश टिपून त्यांचा अर्थ लावतात खगोलशास्त्रज्ञ. पण एवढी अवजड थाळी हव्या त्या दिशेला अचूक वळवायची तर मोटारी, गिअर आणि सर्व्हो यंत्रणा ठीक असावी लागते. तिथे फिटर, इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक लागतात. संदेश ऑप्टिकल फायबरमधून मुख्य इमारतीत येतात, म्हणून इलेक्ट्रॉनिक्सवाले हवेत. तिथे ३० अँटेनांची माहिती एकत्र करायला संगणक आहेत, म्हणून प्रोग्रामर आणि नेटवर्क सांभाळणारेही हवेत. यातला एक दुवा निखळला, की निरीक्षण थांबलं!

मग या नोकऱ्या शोधायच्या कशा?

१. संस्थेची स्वतःची वेबसाइट बघा. जीएमआरटीसाठी एनसीआरए, मुंबईत टीआयएफआर आणि भाभा अणुसंशोधन केंद्र, पुण्यात एनसीएल आणि आयुका. 'रोजगार समाचार'ही चाळत राहा.

२. पदाचं नाव नीट वाचा. जाहिरातीत 'शास्त्रज्ञ' शब्द नसतोच; ट्रेड्समन, टेक्निशियन, सायंटिफिक असिस्टंट, ट्रेनी असे शब्द असतात.

३. पद कायम आहे, प्रकल्पापुरतं कंत्राटी आहे की प्रशिक्षणाचं, हे आधी बघा.

४. वय आणि गुण तपासा. भाभा केंद्राच्या २०२३ च्या जाहिरातीत स्टायपेंडरी ट्रेनी कॅटेगरी-२ साठी दहावीनंतर आयटीआय किंवा बारावी विज्ञान चालत होतं. पण गुण किमान ६० टक्के आणि वय १८ ते २२ (राखीव प्रवर्गांना सवलत). म्हणजे तेविसाव्या वर्षी कळलं तर उपयोग काय? प्रत्येक जाहिरातीत अटी बदलू शकतात, म्हणून मूळ जाहिरातच वाचा.

५. संगणकाच्या पदांसाठी बहुधा डिप्लोमा किंवा पदवी लागते. लिनक्स आणि पायथन मुलं घरी, शाळेतही शिकू शकतात. दोन्ही फुकट मिळतात.

आणि एक सावधगिरी : "पैसे द्या, आत चिकटवतो" म्हणणाऱ्या एजंटच्या नादी मुळीच लागू नका.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन भरतं. मुलांना जरूर न्या. दुर्बीण दाखवाच, पण तिथल्या तंत्रज्ञांनाही विचारायला सांगा, "काका, तुम्ही काय शिकलात?" मागे बसणाऱ्या एखाद्या मुलाला त्या उत्तरात स्वतःची वाट सापडेल.