बाजाराची पिशवी

बाजारास निघालेला मनुष्य पूर्वीं दोन वस्तु घेतल्याशिवाय उंबऱ्याबाहेर पडत नसे: एक पैसे व दुसरी पिशवी. पैसे घरीं राहिले तर जसें परत फिरावें लागे, तसेंच पिशवी राहिली तरीहि परत फिरावें लागे. वाणी जिन्नस कागदाच्या पुड्यांत बांधून दोरा गुंडाळून देई. तेलासाठीं बरणी, दुधासाठीं किटली व मासळीसाठीं टोपली ज्याची त्यानें न्यावयाची, असा शिरस्ता होता. पुढें असा काळ आला कीं, हात हालवीत बाजारास जावें आणि दोन्ही हातांत प्लॅस्टिकच्या पिशव्या घेऊन परत यावें. महाराष्ट्र सरकारच्या आज्ञेनें २३ जून २०१८ पासून मुंबईंत या रीतीस बंदी झाली. त्यामुळें गिऱ्हाइकांस आपली संवय कशी बदलावी लागली, व ती खरोखर बदलली काय, याचा विचार विद्यार्थ्यांनीं व त्यांच्या पालकांनीं मिळून करावा, म्हणून हा लेख.

प्रथम ही पिशवी आली कोठून तें पाहूं. पॉलिथिन हा पदार्थ १९३३ सालीं इंग्लंडांतील एका रसायनशाळेंत, प्रयोग चालूं असतां, अकस्मात् हातीं लागला. इथिलीन नांवाच्या वायूचे कण प्रचंड दाबाखालीं एकमेकांस जोडले जाऊन त्यांच्या लांबच लांब सांखळ्या बनतात, तेंच पॉलिथिन. स्वीडनमधील स्टेन गुस्टाफ थुलिन या गृहस्थानें त्याची नळी सपाट करून, टोकें वितळवून जोडून व वरचा भाग कापून दोन कानांची पिशवी तयार केली. तिचें अमेरिकन पेटंट १९६५ सालीं मिळालें. पिशवीचें वजन थोड्याशा ग्रॅमांचें. परंतु ती कित्येक किलो माल सहज पेलते व पाण्यानें भिजत नाहीं. थुलिनच्या मुलानें सांगितलें आहे कीं, आपले वडील अशी एक पिशवी घडी करून नेहमीं खिशांत बाळगीत. म्हणजे ज्यानें ही वस्तु निर्माण केली, त्याच्या मनांत ती एकदां वापरून फेकावी असें नव्हतें. फेकण्याची संवय मागाहून आपणच लावून घेतली.

या पिशवीचा जो गुण तोच तिचा दोष. ती भिजत नाहीं, कुजत नाहीं; म्हणून फेकल्यावरहि ती नाहींशी होत नाहीं. उकिरड्यावर चरणारी गाय भाजीच्या देंठांबरोबर ती गिळते आणि ती तिच्या पोटांत तशीच सांचून राहते. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला. त्या दिवशींच्या प्रलयास अतिवृष्टि, समुद्राची भरती, मिठी नदीचें आकसलेलें पात्र व जुनीं गटारें अशीं अनेक कारणें होतीं. परंतु गटारांच्या तोंडाशीं अडकलेल्या पिशव्यांनींहि त्यांत भर घातली. त्यानंतर २००६ सालीं सरकारनें ५० मायक्रॉनहून पातळ पिशव्यांस मनाई केली. मायक्रॉन म्हणजे एका मिलिमीटरचा हजारावा भाग. अगदीं पातळ पिशव्या वेंचावयाच्या तर किलोभर वजन भरण्यास शेंकडों गोळा कराव्या लागतात. म्हणून कचरा वेंचणाराहि त्यांस हात लावीत नाहीं. परंतु बाजाराच्या गर्दींत पिशवीची जाडी कोण मोजणार? नियम कागदावर राहिला. म्हणून २०१८ च्या आज्ञेनें जाड असो वा पातळ, प्लॅस्टिकच्या सर्वच पिशव्या बंद केल्या. दुधाच्या पिशव्या व औषधांचीं वेष्टनें यांस मात्र सूट मिळाली. दंड पहिल्या वेळीं ५,००० रुपये, दुसऱ्या वेळीं १०,००० रुपये, आणि तिसऱ्या वेळीं २५,००० रुपये व तीन महिने कैद, असा ठरला.

आरंभींच्या दिवसांत बाजारांत मोठी धांदल उडाली. कोणी मोसंबीं रुमालांत बांधून नेलीं, कोणी कोथिंबिरीची जुडी हातांत धरून घर गांठलें. मासळीबाजारांत गिऱ्हाइकें डबे घेऊन येऊं लागलीं. दुकानदार माल तोलण्यापूर्वींच विचारूं लागले, "पिशवी आणली का?" ज्या घरांत वडील माणसें होतीं, तेथें फारशी अडचण पडली नाहीं, जुन्या लुगड्याच्या व पाटलोणीच्या कापडाच्या पिशव्या त्यांनीं पूर्वींहि शिवल्या होत्या.

याच वेळीं एक फसगतहि सुरू झाली. कापडासारख्या दिसणाऱ्या रंगीत पिशव्या दुकानांतून मिळूं लागल्या. त्यांपैकीं पुष्कळ पिशव्या विणलेल्या नसून पॉलिप्रॉपिलीन नांवाच्या प्लॅस्टिकचे तंतु दाबून व तापवून केलेल्या असतात. २०१८ च्या बंदींत त्याहि आल्या होत्या. त्या ओळखण्याची युक्ति सोपी आहे. पिशवीची कड उसवून पाहावी. खऱ्या कापडांत उभा ताणा व आडवा बाणा दिसतो, आणि एक धागा ओढला असतां तो सलग निघतो. खोट्या कापडाचा धागा निघत नाहीं, केवळ तुकडा फाटतो.

परंतु खरी कापडी पिशवी घेतली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असेंहि नाहीं. कापसास जमीन लागते, पाणी लागतें, खत लागतें. पुढें सूत कातणें, विणणें व रंगविणें यांस इंधन लागतें. इंग्लंडच्या पर्यावरण खात्यानें २०११ सालीं प्रसिद्ध केलेल्या हिशोबाप्रमाणें, हवा तापविणाऱ्या वायूंचाच विचार केला तर, नवी सुती पिशवी एकदांच वापरल्या जाणाऱ्या पातळ पिशवीच्या बरोबरीस येण्यास १३१ वेळां वापरावी लागते. आठवड्यांतून दोनदां बाजार केला तर हें होण्यास सुमारें १५ महिने लागतील. या हिशोबांत तुंबलेलीं गटारें व मेलेलीं गुरें धरलेलीं नाहींत, हें खरें. तरीहि बोध स्पष्ट आहे: पिशवीची किंमत तिच्या कापडांत नसून ती कितीदां वापरली यांत आहे. दर खेपेस विसरून नवी कापडी पिशवी विकत घेणारा मनुष्य पूर्वींचीच चूक महाग कापडांत करीत असतो. जुन्या वस्त्राची पिशवी सर्वांत उत्तम, कारण तिच्यासाठीं नवा कापूस लागत नाहीं.

परदेशांतहि हाच अनुभव आला. अमेरिकेंत सॅन फ्रान्सिस्को शहरानें २००७ सालीं प्रथम अशी बंदी घातली. पुढें सर्व कॅलिफोर्निया राज्यानें तिचें अनुकरण केलें; परंतु पुनः पुनः वापरतां येतील म्हणून जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या १० सेंट घेऊन देण्यास मोकळीक ठेवली. लोकांनीं दहा सेंट दिले आणि जाड पिशव्याहि फेकल्या. अखेर ती वाट बंद करण्यासाठीं २०२४ सालीं दुसरा कायदा करावा लागला. कायदा वस्तु बदलूं शकतो. संवय मात्र ज्याची त्यानेंच बदलावी लागते.

आपल्याकडेहि बंदी असलेल्या पिशव्या बाजारांतून पुनः डोकावतात. त्याचें कारण प्रस्तुत लेखकास एका सायंकाळीं कळलें. पिशवी घरीं विसरून मी भाजी घेण्यास थांबलों होतों. भाजीवाल्या बाईनें इकडेतिकडे पाहून पाटीखालून एक पातळ पिशवी काढली. मीं बंदीची आठवण करून देतांच ती म्हणाली, "मास्तर, पिशवी दिली नाहीं तर तुम्ही पुढच्या गाडीवर जाल, आणि दिली तर साहेब येऊन दंड करील. मी करूं तरी काय?" या प्रश्नास मजपाशीं उत्तर नव्हतें. कायद्यानें पिशवी वापरणाराहि दोषी ठरतो. परंतु पथक येतें तें पाटीपाशीं. विसरतों आपण, आणि पांच हजारांची टांगती तलवार असते तिच्या डोक्यावर. एवढे पैसे मिळविण्यास तिला कित्येक दिवस उन्हांत बसावें लागतें. त्या दिवशीं मी भाजी उपरण्यांत बांधून घरीं आणली.

विद्यार्थिमित्रांनो, हें काम तुमच्या हातचें आहे. दारापाशीं चपलांच्या जागेवर एक खिळा ठोकून त्यास पिशवी अडकवावी; ती रिकामी होतांच पुनः तेथेंच अडकवावी, कारण पिशवी हरवते ती बहुधा स्वयंपाकघरांत. एक लहान पिशवी घडी करून दप्तरांत व वडिलांच्या कचेरीच्या पिशवींत ठेवावी. मासळीसाठीं झांकणाचा डबा निराळा असावा. आणि आई किंवा वडील बाजारास निघाले म्हणजे तुम्हींच विचारावें, "पिशवी घेतली का?" हा प्रश्न उंबऱ्याच्या आंत विचारला गेला, तर उंबऱ्याबाहेर त्या भाजीवालीस भिऊन पाटीखालीं हात घालावा लागणार नाहीं.