तास मोजून पायलट घडत नाही

यवतमाळच्या विमानतळावरून आज नियमित प्रवासी विमान उडत नाही. विमान पकडायचं तर नागपूर गाठायचं, नाहीतर अमरावतीजवळचं बेलोरा. तिथं 16 एप्रिल 2025 पासून मुंबईहून अलायन्स एअरचं एटीआर-72 उतरू लागलं. त्याच बेलोऱ्यात एअर इंडियानं उड्डाण प्रशिक्षण अकादमी जाहीर केली आहे. वर्षाला 180 पायलट तयार करायचे, त्यासाठी 31 एक-इंजिनी आणि 3 दोन-इंजिनी विमानं, अशी ती योजना. गोंदियाजवळ बिरसीला प्रशिक्षण संस्था आधीपासून आहे, नागपूरला फ्लाइंग क्लब आहे. वणी, पुसद, उमरखेडच्या मुलामुलींसाठी पायलट होणं ही आता फार लांबची गोष्ट राहिलेली नाही. या वाटेवरच्या एका टप्प्याबद्दल मात्र घराघरांत चुकीच्या समजुती आहेत आणि विमानात बसणाऱ्या बहुतेक प्रवाशांना तर तो असतो हेही ठाऊक नसतं. हा टप्पा म्हणजे लाइन ट्रेनिंग. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) भाषेत सुपरवाइज्ड लाइन फ्लाइंग, म्हणजे प्रवाशांनी भरलेल्या नेहमीच्या विमानात, प्रशिक्षक कॅप्टनच्या देखरेखीखाली केलेलं उड्डाण.

गैरसमज: लायसन्स हातात आलं की पायलट तयार

भारतात कमर्शियल पायलट लायसन्ससाठी 200 तासांचं उड्डाण लागतं. त्यातले 100 तास स्वतः विमानाचा प्रमुख म्हणून. हे बहुतेक सगळे तास छोट्या, एका इंजिनाच्या विमानावरचे. त्यानंतर ज्या विमानावर नोकरी करायची, त्या एअरबसचं, बोइंगचं किंवा एटीआरचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारच्या विमानापुरती मान्यता. ते सिम्युलेटरवर होतं. मग नवख्यांसाठी रिकामं विमान घेऊन धावपट्टीभोवती फेऱ्या मारत टेकऑफ-लँडिंगचा सराव. मोठ्या जेटचा पुरेसा अनुभव असलेल्या पायलटला काही अटींवर हा सराव प्रत्यक्ष विमानाऐवजी उच्च दर्जाच्या सिम्युलेटरवरच पुरा करता येतो. माणसाच्या अनुभवानुसार प्रशिक्षण बदलण्याचं तत्त्व नियमात इथूनच सुरू होतं.

एवढं सगळं झालं, तरी सिम्युलेटरमध्ये न भेटलेलं बरंच काही बाकी असतं. मुंबईच्या एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्या आणि रेडिओवर न थांबणारा कंट्रोलरचा आवाज. पुण्याला हवाई दलाच्या तळावर उतरताना मिळणाऱ्या सूचना. तीसेक मिनिटांत प्रवासी उतरवून, इंधन भरून, कागदपत्रं तपासून पुन्हा निघण्याची घाई. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळीसवर जातो, हवा विरळ होते, विमानाला जमीन सोडायला जास्त लांबी लागते आणि चढही मंदावतो. हे सगळं एकाच वेळी डोक्यात सांभाळायला लाइन ट्रेनिंगमध्येच शिकता येतं.

गैरसमज: प्रवाशांच्या जिवावर शिकाऊ पायलटचा सराव चालतो

ही भीती मी हलकी मानत नाही. पण कॉकपिटमध्ये प्रत्यक्षात काय असतं ते पाहावं. शिकणाऱ्याच्या शेजारी नेहमीचा कॅप्टन नसतो, शिकवण्यासाठी वेगळं प्रशिक्षण आणि मान्यता घेतलेला कॅप्टन असतो. विमानाची जबाबदारी त्याची. नवख्याच्या पहिल्या काही फेऱ्यांत मागच्या खुर्चीवर बहुधा तिसरा, पूर्ण पात्र पायलटही बसतो. त्याला सेफ्टी पायलट म्हणतात. शिकणाऱ्याकडेही लायसन्स आणि टाइप रेटिंग असतंच. प्रतिकूल हवामानात को-पायलटच्या हातून टेकऑफ-लँडिंग करून घेण्यावर बंधनं असतात.

या व्यवस्थेतला अवघड भाग प्रशिक्षकाच्या वाट्याला येतो. एअरबस ए-320 मध्ये दोन्ही पायलटांच्या साइडस्टिक यंत्रानं एकमेकींना जोडलेल्या नसतात. शिकणाऱ्यानं किती जोरात स्टिक ओढली हे प्रशिक्षकाच्या हाताला जाणवत नाही, विमान हललं की दिसतं. कधी बोलायचं, कधी गप्प राहायचं आणि कोणत्या क्षणी बटण दाबून ताबा घ्यायचा, हा निर्णय त्याला काही सेकंदांत घ्यावा लागतो. समोरचा कुठे चुकू शकतो हे आधीच ठाऊक असेल, तरच तो निर्णय वेळेवर होतो. म्हणून त्या माणसाची प्रशिक्षण-फाइल उड्डाणाआधी वाचणं हे सुरक्षिततेचंच काम आहे.

गैरसमज: सगळ्यांना सारखेच सेक्टर, हाच न्याय

विमान एका ठिकाणाहून उडून दुसऱ्या ठिकाणी उतरलं की तो एक सेक्टर. ए-320 च्या लाइन ट्रेनिंगला एकाच आठवड्यात चार जण आले, असं समजू. एक 200 तासांची मुलगी, नुकतीच शिकून आलेली. दुसरा एटीआरवर अनेक वर्षं काढलेला को-पायलट. तिसरा हवाई दलात लढाऊ विमानं उडवून निवृत्त झालेला. चौथी दुसऱ्या कंपनीतली बोइंग 737 ची कॅप्टन. चौघांनाही तेवढेच सेक्टर आणि तोच क्रम दिला, तर काळ्या रानाला आणि मुरमाड रानाला सारखंच पाणी सोडल्यासारखं होईल.

नवख्या मुलीला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो लँडिंगच्या शेवटच्या काही सेकंदांना, आडव्या वाऱ्याला आणि एकाच वेळी चार कामं अंगावर आली की क्रम लावायला. एटीआरवाल्याला छोट्या धावपट्ट्या, एका दिवसात अनेक फेऱ्या, कंपनीची शिस्त हे पाठ असतं. त्याला नवा असतो जेटचा वेग. उतरण्याचं गणित त्याला फार आधी मांडावं लागतं. हवाई दलातून आलेल्याचा हात पक्का असतो, पण लढाऊ विमानात बरेच निर्णय एकट्यानं घेतलेले असतात. मनातला विचार शेजारच्याला बोलून दाखवणं आणि त्याच्याकडून तपासून घेणं, ही सवय त्याला मुद्दाम लावावी लागते. बोइंगच्या कॅप्टनला प्रवासी वाहतुकीत शिकवण्यासारखं थोडंच उरतं, मात्र तिच्या हाताला जुन्या विमानाची सवय असते. बोइंगमध्ये ऑटोथ्रॉटल (इंजिनाची ताकद आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना थ्रस्ट लिव्हर स्वतः मागेपुढे सरकतात आणि हाताला कळतं की इंजिन काय करतंय. ए-320 मध्ये त्या जागच्या जागी राहतात. तिथं इंजिनाची खबर डोळ्यांनीच घ्यावी लागते.

नियम हे ओळखतात. लाइन फ्लाइंगचे किमान सेक्टर किंवा तास ठरवताना पायलटचा आधीचा अनुभव, विमानाची गुंतागुंत आणि उड्डाणाचा प्रकार व प्रदेश विचारात घ्यावा, असं युरोपच्या नियमांचं मार्गदर्शन आहे. अमेरिकेत जेटवर नव्यानं आलेल्या कॅप्टनला देखरेखीखाली 25 तास लागतात, पण जास्तीचं प्रत्येक टेकऑफ आणि लँडिंग एका तासाऐवजी धरून ते निम्म्यापर्यंत खाली आणता येतात. लांब पल्ल्यावर तासन्‌तास ऑटोपायलटवर घालवलेला वेळ आणि दिवसात चारदा उतरलेलं विमान यांत शिकणं सारखं होत नाही, हे त्या नियमानं आकड्यातच मान्य केलं आहे.

आपल्याकडे याला पावसाळ्याची भर पडते. जानेवारीत लाइन ट्रेनिंग सुरू होऊन एप्रिलमध्ये संपलं, तर त्या पायलटनं मुंबईचा पाऊस एकदाही पाहिलेला नसतो. जूनमध्ये सुरू झालं, तर पाऊस दिसतो, पण स्वतःच्या हातानं उतरण्याची संधी कमी मिळते. फ्लोरिडात शिकून आलेल्याला विदर्भाचा उन्हाळा नवा, बिरसीला शिकलेल्याला तो ओळखीचा. कागदावर मात्र सगळ्यांच्या सेक्टरचा आकडा एकच दिसतो.

गैरसमज: अनुभव जास्त, म्हणून प्रशिक्षण कमी

सगळ्यांत घातक समजूत ही आहे. 14 फेब्रुवारी 1990 रोजी इंडियन एअरलाइन्सचं आयसी-605 हे ए-320 मुंबईहून बेंगळुरूला निघालं होतं. डाव्या खुर्चीत कॅप्टनपदासाठी मार्ग-तपासणी देणारा पायलट होता, उजव्या खुर्चीत त्याला तपासणारा कॅप्टन. दोघांच्याही नावावर हजारो तास होते, पण ए-320 वरचे फार थोडे. ही विमानं कंपनीकडे येऊनच जेमतेम काही महिने झाले होते. उतरताना विमानाचं ऑटोमेशन अशा पद्धतीवर राहिलं की इंजिनं किमान ताकदीवर होती आणि वेग राखण्याची जबाबदारी विमानाच्या नाकाच्या कोनावर होती. वेग आणि उंची दोन्ही कमी होत गेली. ते दोघांच्या लक्षात आलं तेव्हा उशीर झाला होता. विमान धावपट्टीच्या अलीकडे गोल्फच्या मैदानावर आदळलं. विमानातल्या 146 पैकी 92 जण गेले.

त्या दोघांना दोष देण्यासाठी हे लिहिलेलं नाही. नव्या विमानाचं स्वयंचलित तंत्र आत काय करतंय हे त्या क्षणी कळलं नाही, तर हजारो तासांचा अनुभव मदतीला येईलच असं नाही. उलट जुन्या विमानावर पक्की झालेली सवय वाट चुकवू शकते. अशा माणसाचं प्रशिक्षण एका बाजूनं कमी आणि दुसऱ्या बाजूनं जास्त हवं. रेडिओवरचं बोलणं, मार्ग, हवामान यांत वेळ घालवायची गरज नाही. ऑटोमेशनच्या प्रत्येक पद्धतीवर मात्र नवख्याइतकाच, कदाचित त्याहून जास्त वेळ द्यायला हवा.

प्रशिक्षकाचंही तसंच. 15 जानेवारी 2023 रोजी नेपाळमध्ये पोखऱ्याला यती एअरलाइन्सचं एटीआर-72 कोसळलं आणि 72 जण गेले. विमानतळ जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी सुरू झालेला. विमान उडवणाऱ्या कॅप्टनला त्याची ओळख करून देण्यासाठी शेजारी प्रशिक्षक बसले होते. फ्लॅप्सची लिव्हर हलवायची, त्याऐवजी दोन्ही प्रोपेलरच्या लिव्हर हलल्या, असं चौकशीत निघालं. नवा विमानतळ, नवा मार्ग, शिकवण्याचं काम आणि विमानावर लक्ष ठेवण्याचं काम, हे सगळं एकाच फेरीत आलं होतं. एका सेक्टरमध्ये नव्या गोष्टी किती घालायच्या, हे शिकणाऱ्याइतकंच शिकवणाऱ्याला पाहूनही ठरवावं लागतं.

तासांवरच भिस्त ठेवण्याचा आणखी एक धडा अमेरिकेतला आहे. 12 फेब्रुवारी 2009 ला बफेलोजवळ कोल्गन एअरचं विमान पडून 50 जणांचा जीव गेला. त्यानंतरच्या कायद्यानं प्रवासी कंपनीतल्या को-पायलटलाही साधारण 1500 तासांची अट लागली. पण त्या विमानातल्या दोन्ही पायलटांचे तास आधीच 1500 च्या वर होते. वेग कमी झाल्याची सूचना आली तेव्हा नेमकी कोणती कृती करायची, तिथं घात झाला होता.

गैरसमज: सेक्टर वाढवून मिळाले म्हणजे मुलगा कच्चा

पायलट झालेल्या पोराच्या घरी हा प्रश्न फार येतो. "अजून ट्रेनिंगच चालू आहे का?" असं मामा विचारतात, काकू विचारतात. कर्ज काढून, कधी शेत गहाण ठेवून शिकवलेलं असतं, म्हणून आईबापाचा जीवही टांगणीला लागतो. आणि हा ताण मुलासोबत कॉकपिटपर्यंत जातो. आडव्या वाऱ्यात उतरताना हात अजून बसला नाही, हे प्रशिक्षकाला सांगायला तो कचरतो. खरं तर त्यानं ते सांगणंच फार महत्त्वाचं असतं.

प्रशिक्षक प्रत्येक फेरीनंतर शेरा लिहितो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेनं पायलटची कौशल्यं वेगवेगळी मांडली आहेत: कार्यपद्धती पाळणं, संवाद, हातानं उडवणं, ऑटोमेशनवर उडवणं, नेतृत्व व संघकार्य, अडचण सोडवून निर्णय घेणं, परिस्थितीचं भान, कामाचा भार पेलणं. एखाद्याला सात ठिकाणी चांगले शेरे आणि आठव्या ठिकाणी सतत कमी असतील, तर जास्तीचे सेक्टर त्या आठव्यासाठी असतात. त्याच्या एकूण लायकीवरचा तो निकाल नव्हे.

संवादाचंच घ्या. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडला पावसात एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान धावपट्टीपुढे जाऊन 21 जण गेले. को-पायलटनं पुन्हा वर जाण्याची सूचना दिली होती, पण नियंत्रण स्वतःकडे घेतलं नाही, असं चौकशी अहवालात आहे. अधिकाराच्या दृष्टीनं दोन खुर्च्यांमधलं अंतर मोठं होतं, याचीही त्यात नोंद आहे. वडीलधाऱ्यापुढे आवाज चढवू नये, या संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलांना "आय हॅव कंट्रोल" म्हणायला शिकवावं लागतं. कुणाला ते तीन फेऱ्यांत जमतं, कुणाला पंधरा लागतात. त्या पंधरा दिल्याच पाहिजेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

गैरसमज: माणूस पाहून प्रशिक्षण म्हणजे सवलत

कंपन्यांना पायलट लवकर हवे असतात. त्यामुळे 'अनुभव पाहून' या शब्दांआड घाई लपेल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच नियमातली किमान मर्यादा ही जमीन असते, तिच्याखाली कुणालाच जाता येत नाही. तिच्या वर किती जायचं, एवढंच माणसागणिक बदलतं. कमी सेक्टर द्यायचे, तर कारण फाइलमध्ये लिहावं लागलं पाहिजे आणि शेवटची लाइन चेक शिकवणाऱ्या कॅप्टनव्यतिरिक्त दुसऱ्यानं घ्यायला हवी. ज्यानं शिकवलं त्यालाच पास करायला सांगितलं, की मायेनं किंवा थकव्यानं चूक नजरेआड होते.

लाइन ट्रेनिंग संपवून रिलीज झाल्यावरही लगेच मोकळीक मिळत नाही. अमेरिकेत दोन्ही पायलट त्या विमानावर 75 तासांच्या आतले असतील, तर त्यांना एकत्र उडवता येत नाही. को-पायलटचे 100 तास होईपर्यंत, शेजारी प्रशिक्षक नसेल तर, कमी दृश्यमानता, ओली-घसरडी धावपट्टी किंवा जोराचा आडवा वारा असताना टेकऑफ-लँडिंग कॅप्टननंच करायचं. आपल्याकडे दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरवर परीक्षा असतेच, मग पायलट तीस वर्षांचा अनुभवी का असेना.

बेलोऱ्याच्या किंवा बिरसीच्या संस्थेत मुलीला घालण्याआधी फी आणि विमानांची संख्या सगळेच विचारतात. नोकरीची ऑफर आल्यावर कंपनीलाही चार प्रश्न विचारावेत: लाइन ट्रेनिंगमध्ये सेक्टर कोण ठरवतं, आधीचा अनुभव कसा मोजला जातो, प्रशिक्षकाचे शेरे शिकणाऱ्याला वाचायला मिळतात का, आणि प्रशिक्षक सारखा बदलत असेल तर आधीची फाइल नवा प्रशिक्षक उड्डाणाच्या आधी वाचतो की नंतर.