होळकरांच्या घरात लग्नाची बायको कोण?

यशवंतराव होळकराच्या लढाया मराठी वाचकाला नव्याने सांगायला नकोत. 1802 साली हडपसरला त्याने पेशवे आणि शिंदे यांच्या एकवटलेल्या फौजेची दाणादाण उडवली, 1804 साली मुकुंदऱ्याच्या घाटापासून मॉन्सनला पळता भुई थोडी केली, आणि ना. सं. इनामदारांची 'झुंज' वाचलेल्या पिढीला तर पुढचे भरतपूरही तोंडपाठ असते. या बंडखोराचे घर मात्र लढायांच्या धुरळ्यात दिसेनासे झाले. जे थोडेफार दिसते ते त्याच्या जनान्यातल्या तुळसाबाईच्या निमित्ताने, आणि तिचे नाव निघाले की तीन शिक्के ठरलेले असतात: देखणी, कारस्थानी, बदफैली. ती लग्नाची नव्हती म्हणून तिला अधिकार नव्हता. अधिकार नसताना तिने कारभार केला म्हणून होळकरशाही महिदपुरावर बुडाली, अशी ही मांडणी. या मांडणीची पहिलीच कडी मला कच्ची वाटते. होळकरांच्या घरात लग्नाची कोण आणि बिनलग्नाची कोण, हा प्रश्न सत्ता एका हातातून काढून दुसऱ्या हातात द्यायची असेल तेव्हाच विचारला गेला. एरवी त्याचे कोणाला सोयरसुतक नव्हते.

मूळ पुरुषापासूनच पाहू. मल्हारराव हा धनगराचा पोर, लहानपणी बाप गेल्यावर आईबरोबर खानदेशात तळोद्याला मामाच्या आश्रयाला आलेला. मामा भोजराज बारगळ याची मुलगी गौतमाबाई त्याला मिळाली, आणि तिच्याबरोबर मामाच्या पथकातला घोडाही. मामाची मुलगी करण्यात जगावेगळे काही नव्हते. पण जमीनजुमला नसलेल्या पोराला शिलेदारी मिळवून देणारी ही सोयरीक होती, हे विसरता येत नाही. पुढे 1734 च्या जानेवारीत बाजीरावाने याच गौतमाबाईच्या नावाने खासगीची वेगळी जहागीर करून दिली. दौलत सुभेदाराची, खासगी त्याच्या बायकोची. अहिल्याबाईचा दानधर्म पुढे ज्या पैशावर उभा राहिला त्याचे मूळ या व्यवस्थेत आहे. गौतमाबाईखेरीज मल्हाररावाला बाणाबाई, द्वारकाबाई होत्या, आणि हरकूबाईही होती. ही हरकूबाई खांडाराणी, म्हणजे नवरदेवाच्या जागी त्याची तलवार ठेवून जिचे लग्न लावले ती. शास्त्रीपंडितांनी तिची पायरी खालची धरली असती, पण घरात तिचा मान राहिला आणि तिच्यावरून दौलतीत तंटा उभा राहिल्याचे दिसत नाही. कारण सरळ आहे: तंटा करण्याजोगे काही तिच्या हातात नव्हते.

खुद्द यशवंतरावाची जन्मकथा याच खाचेत अडकलेली आहे. त्याचा बाप तुकोजी होळकर याला चार मुलगे. काशीराव आणि मल्हारराव हे लग्नाच्या बायकोचे, विठोजी आणि यशवंतराव हे यमुनाबाईचे. आणि यमुनाबाई विवाहिता नव्हती असेच बहुतेक साधने मानतात. तुकोजी 1797 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात वारला आणि महिन्याभरात दौलतराव शिंद्याच्या माणसांनी मल्हाररावाला छापा घालून मारले. त्यानंतर उरलेल्यांत सर्वांत कर्तबगार असलेल्या यशवंतरावाने स्वतःसाठी दौलत मागितली का? नाही. मल्हाररावाच्या मागे जन्मलेल्या खंडेराव नावाच्या तान्ह्या मुलासाठी आपण लढतो आहोत असे तो सांगत राहिला. पेंढारी, भिल्ल, पठाण, अरब, पगार थकलेले शिपाई, असे सगळे त्याच्यामागे जमले ते त्याच्या तलवारीवर विश्वास ठेवून. कागदावर मात्र त्याला दुसऱ्याच्या औरसपणाचा टेकू लागला. हडपसर जिंकल्यावरही त्याच्या मागण्यांत पुतण्याची सुटका अग्रभागी होती. त्याची बायको लाडाबाई आणि मुलगी भीमाबाई यांनाही शत्रूने पुण्यात अटकेत ठेवले होते. बंडखोराची लग्नाची बायको ही शत्रूच्या हातातली ओलीस होऊ शकते, हे त्याने स्वतः भोगले होते. पुढे 1807-08 च्या सुमारास काशीराव आणि तो खंडेराव, दोघेही मेले. त्या मृत्यूंमागे यशवंतरावच होता असा संशय त्याच्या काळापासून आहे, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आपण मात्र ते प्रकरण एका परिच्छेदात उरकून पुन्हा भरतपुराकडे वळतो.

तुळसाबाई या घरात आली तेव्हा ती दुसऱ्याची बायको होती. अजिबा नावाच्या एका मानभाव महंताची ती मुलगी म्हणून ओळखली जाई. सर जॉन माल्कमने दिलेली हकीकत अशी की यशवंतरावाने तिला पाहिले, थोड्याच दिवसांत ती त्याच्या जनान्यात होती आणि तिचा नवरा कैदेत. नंतर तिच्याच शब्दावरून नवऱ्याला सोडले आणि घोडा, वस्त्रे, काही पैसे देऊन दक्षिणेत रवाना केले. या एका तपशिलात जबरदस्तीही आहे आणि तिने नवऱ्यासाठी टाकलेला शब्दही. आपल्याकडच्या लिखाणात मात्र सगळा दोष तिच्या रूपाला चिकटला. 1808 मध्ये भानपुऱ्याला तोफांच्या ओतकामात आणि दारूत बुडालेल्या यशवंतरावाचे डोके फिरले. त्याला आवरायला माणसांचा ताफा लागे. पुढे दोरखंडांनी बांधून दुधावर ठेवावे लागले. तीन वर्षे अशी काढून 28 ऑक्टोबर 1811 ला तो गेला. या तीन वर्षांत आणि त्यानंतरची सहा वर्षे दौलतीचा कारभार तुळसाबाईच्या नावाने चालला. तिला मूल नव्हते. केसरीबाईपोटी झालेला यशवंतरावाचा मुलगा मल्हारराव तिने मांडीवर घेतला आणि त्याच्या नावाने ती राज्य करू लागली. आता ही केसरीबाई तरी कोण? माल्कमच्या म्हणण्याप्रमाणे कुंभाराच्या घरची, आणि तीही रीतसर लग्नाची नव्हे. म्हणजे बिनलग्नाच्या बापाला बिनलग्नाच्या आईपासून झालेला मुलगा गादीवर, आणि त्याला दत्तक घेणारीही बिनलग्नाची. यात एकट्या तुळसाबाईलाच अनधिकारी ठरवायचे तर कुठल्या न्यायाने?

यावर पहिला आक्षेप असा येईल की तिच्याविरुद्धचा पुरावा लग्नावर उभा नाही, वागण्यावर उभा आहे. मान्य. पण तो पुरावा दिला कोणी? तिचे जे चित्र मराठीत रूढ आहे त्याचा पाया माल्कमचा 1823 मध्ये प्रसिद्ध झालेला मध्य हिंदुस्थानावरचा ग्रंथ हाच आहे. माल्कम लबाड लेखक नव्हता. तुळसाबाईचे वक्तृत्व, तिची बुद्धी, घोड्यावरची तिची सफाईदार बैठक, तिच्याबरोबर घोड्यांवरून जाणारा बायकांचा लवाजमा, हे सगळे त्यानेच टिपून ठेवले. ते नसते तर आपल्याला तिचा चेहराच दिसला नसता. पण महिदपूरच्या लढाईत तो इंग्रजांच्या बाजूने आघाडीवर होता, आणि पुढे महूला छावणी करून त्याने माळव्याची माहिती जमवली ती त्या पडझडीतून तरून गेलेल्यांत वावरत. त्या मंडळींना सगळा दोष एका मेलेल्या बाईवर ढकलणे किती सोयीचे होते! भागवतांनी इंदुरात संपादित केलेली होळकरशाहीच्या इतिहासाची साधने हाताशी असतानाही आपले लेखक या बाबतीत माल्कमच्याच ओळी फिरवून लिहितात, याचे मला नवल वाटते. चीनमध्येही असाच प्रकार झाला. 1644 मध्ये ली झिचेंग या बंडखोर पुढाऱ्याने पेकिंग घेतले आणि सेनापती वू सानग्वीने मांचूंना शानहाईची खिंड उघडून दिली. लोककथेने कारण शोधले ते चेन युआनयुआन नावाची वूची रखेल. साम्राज्य बुडाल्याचा हिशेब बाईच्या नावावर मांडायची हौस सगळीकडेच दिसते.

दुसरा आक्षेप जड आहे. बाळाराम शेटसारख्या जुन्या मुत्सद्द्याला तिने ठार करवले, आणि गणपतराव दिवाणाशी तिचे संबंध होते. पहिली गोष्ट निर्घृण होती, तिच्यावर पांघरूण घालायचे कारण नाही. पण त्याच दरबारात भाऊ आणि पुतण्याचे रक्त पचवल्याचा संशय असलेला माणूस वीर ठरतो आणि त्याची वारस बाई कैदाशीण ठरते, तर आपले माप दोन आहेत हे कबूल करावे लागेल. दुसरी गोष्ट खरी असेल, मग पुढे? जनाने बाळगणाऱ्या पुरुषांच्या इतिहासात हा आरोप म्हणून लिहायचा असेल तर एकही सरदार सुटणार नाही. शेवटचा आक्षेप फितुरीचा. 1817 च्या अखेरीस तिने स्वतःला आणि मल्हाररावाला इंग्रजांच्या आश्रयाखाली देण्याचा निरोप गुप्तपणे पाठवला होता, हे खरे. त्या वेळची स्थिती पाहा: फौजेचा पगार तुंबलेला, पठाण सरदार शिरजोर, आणि दुसऱ्या बाजीरावाकडून पैसा येईल या आशेवर युद्धाची घाई झालेली. अमीरखानाने नोव्हेंबरमध्येच इंग्रजांशी तह करून टोंक पदरात पाडून घेतले होते. त्याचा मेव्हणा गफूरखान याला महिदपूरनंतर जावरा मिळाले. तात्या जोगाने इंग्रजांशी मंदसोरचा तह घडवून आणला आणि तो इंदूरचा कारभारी झाला. त्याच्या किबे घराण्याचे वैभव तिथून सुरू होते. जे तिघांना जमले तेच तुळसाबाई करू पाहत होती. ती उशिरा आणि एकटी पडली, एवढाच फरक.

20 डिसेंबर 1817 ची हकीकत सगळीकडे थोडक्यात उरकली जाते, म्हणून ती सावकाश सांगतो. क्षिप्रेकाठी छावणी होती. समोर इंग्रज सेनापती हिस्लॉपची फौज येऊन ठेपली होती. पठाण सरदारांनी आधी अकरा वर्षांच्या मल्हाररावाला खेळता खेळता तंबूतून बाहेर काढून आपल्या ताब्यात घेतले, मग तुळसाबाईच्या राहुटीभोवती पहारा बसवला. गणपतराव घोड्यावर बसून निसटू पाहत होता, तो धरला गेला. बाईने त्या दिवशी अन्न घेतले नाही. पहाटे तिला पालखीत घालून नदीकाठी नेले, तिचे डोके उडवले आणि देह प्रवाहात ढकलला. अनेकजण जागे होते. कोणी हात उचलला नाही की तोंडातून शब्द काढला नाही. वय तिशीच्या आतले. इथे मारेकऱ्यांचा क्रम बारकाईने पाहावा: पोर आधी, बाई नंतर. तिचा अधिकार लग्नात नव्हता, यशवंतरावाच्या प्रेमातही नव्हता. तो त्या मुलावरच्या ताब्यात होता, आणि हे मारेकऱ्यांना इतिहासकारांपेक्षा नेमके कळले होते. दुसऱ्या दिवशी लढाई झाली. होळकरांचे गोलंदाज तोफांना चिकटून मेले, गफूरखान मैदान सोडून गेला असे बोलले जाते, आणि 6 जानेवारी 1818 ला मंदसोरला सह्या झाल्या.

त्यानंतर त्या मुलाची खरी आई पुढे येते. केसरीबाई हीच इंदूरकरांची कृष्णाबाई माँसाहेब. तिचे मूळ तुळसाबाईपेक्षा उच्च नव्हते, लग्नाचा दाखलाही अधिक भक्कम नव्हता. पण तिच्यामागे रेसिडेन्सी होती, राजधानी इंदुरात स्थिरावली होती, आणि रोज पगारासाठी तंबूला वेढा घालणारी फौज उरली नव्हती. 1832 मध्ये तिने राजवाड्याजवळ गोपाळमंदिर बांधले. मल्हारराव 1833 मध्ये निपुत्रिक वारला तेव्हा त्याच्या विधवेने मार्तंडरावाला दत्तक घेतले, पण गादीवर आला हरिराव: विठोजीचा मुलगा, म्हणजे पुन्हा यमुनाबाईच्याच शाखेचा. त्याच्यामागून आलेला खंडेराव 1844 च्या आरंभी काही महिन्यांतच गेला आणि गादी रिकामी पडली. तेव्हा भाऊ होळकराच्या धाकट्या मुलाचे नाव पुढे आले ते माँसाहेबांच्या पसंतीने. तोच दुसरा तुकोजीराव. रेसिडेंट हॅमिल्टनने त्या नावाला मान्यता दिली, सरकारने दिली, सरदारांनी मुजरे केले. 1849 मध्ये ती वारली, आणि खान नदीवरच्या कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांत तिची छत्री उभी राहिली. पंचवीस-तीस वर्षे जिच्या शब्दाला या दरबारात वजन होते, त्या बाईचे लग्न कसे लागले होते हे विचारायची गरज ना रेसिडेंटला पडली, ना भटजींना.