डोव्हरमधलं एक मिनिट

तुमची मुलं अमेरिकेतल्या सरकारी शाळेत जात असतील, तर त्यांच्या जीवशास्त्राच्या पुस्तकातलं उत्क्रांतीचं प्रकरण एकदा चाळून बघा. ते तिथे टिकून राहिलं, यात पेनसिल्व्हेनियातल्या डोव्हर गावच्या अकरा पालकांचाही वाटा आहे.

ऑक्टोबर २००४ मध्ये तिथल्या स्कूल बोर्डाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठराव केला. डार्विनच्या सिद्धांतात उणिवा आहेत हे मुलांच्या कानावर घालायचं आणि 'इंटेलिजंट डिझाइन'ची ओळख करून द्यायची. म्हणजे सजीव इतके गुंतागुंतीचे आहेत की त्यांना कुणीतरी बुद्धिमान रचनाकार असणारच. तो कोण, हे मात्र बोलायचं नाही. (सुज्ञांस सांगणे न लगे!) त्यासाठी नववीच्या वर्गात मिनिटभराचं एक निवेदन वाचायचं होतं. शिक्षकांनी साफ नकार दिला, तेव्हा प्रशासनाचे अधिकारी वर्गात येऊन ते वाचून गेले.

एका मिनिटाने असं काय बिघडतं, असं तुम्हाला वाटेल. माझ्यासारख्या नास्तिकाचं उत्तर असं, की बिघडतं ते विज्ञानाचा तास नक्की कशाचा, याबद्दलचं मुलाचं भान. त्याच वर्गात उद्या कुणी 'देव नाही' असं निवेदन वाचू लागलं तरी माझा विरोध तेवढाच राहील. पुराव्याने तपासता येत नाही ते त्या तासाचं नव्हे.

खटला २००५ च्या सप्टेंबरात हॅरिसबर्गला सुरू झाला. पालकांच्या बाजूचे पहिले साक्षीदार केनेथ मिलर हे जीवशास्त्रज्ञ होते, शाळेच्या पाठ्यपुस्तकाचे सहलेखक आणि श्रद्धाळू कॅथलिक. त्यांनी मांडलेला एक पुरावा मला फार आवडतो. चिंपांझी, गोरिला यांच्यात गुणसूत्रांच्या २४ जोड्या, आपल्यात २३. पूर्वज एकच असतील, तर एक जोडी गेली कुठे? ती नुसती हरवली असती तर जीव जगलाच नसता. तेव्हा दोन गुणसूत्रं जोडली गेली असावीत, आणि तसं असेल तर सांधा दिसायला हवा. गुणसूत्राच्या टोकांना टेलोमिअर नावाचा विशिष्ट डीएनए असतो. आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात तो मधोमधच्या भागातही सापडतो, शिवाय निकामी झालेल्या दुसऱ्या सेंट्रोमिअरची खूणही. अंदाज चुकला असता तर सिद्धांत अडचणीत आला असता. रचनाकाराच्या कल्पनेला अशी परीक्षाच देता येत नाही.

दुसरा पुरावा गमतीचा. शाळेने सुचवलेल्या पूरक पुस्तकाचे जुने मसुदे कोर्टात आले. सृष्टिनिर्मितीवाद सरकारी शाळांत शिकवायला सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्ये मनाई केल्यावर 'क्रिएशनिस्ट्स' हा शब्द काढून 'डिझाइन प्रोपोनन्ट्स' घातला गेला होता. एका ठिकाणी घाईत जुन्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि शेपूट तसंच राहिलं, आणि 'सीडिझाइन प्रोपोनन्ट्सिस्ट्स' असा अजब प्राणी जन्माला आला. जीवाश्मांतला 'मधला दुवा' दाखवा म्हणणाऱ्यांच्याच पुस्तकात!

निकाल २० डिसेंबर २००५ ला लागला, १३९ पानी. न्यायाधीश जॉन जोन्स यांची नेमणूक राष्ट्राध्यक्ष बुश यांनी केलेली. 'इंटेलिजंट डिझाइन' हे विज्ञान नव्हे आणि बोर्डाचा हेतू धार्मिक होता, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. त्याआधीच नोव्हेंबरच्या निवडणुकीत बोर्डाचे उभे असलेले आठही सदस्य हरले होते. नव्या बोर्डाने अपील केलं नाही, त्यामुळे हा निकाल कायद्याने पेनसिल्व्हेनियाच्या मधल्या भागापुरताच बंधनकारक राहिला. वकिलांच्या खर्चाचे सुमारे दहा लाख डॉलर शाळेच्या तिजोरीतून गेले.

हे वाचून इथे आपल्याला बरं वाटतं, कारण तो धर्म आपला नव्हता. पण जानेवारी २०१८ मध्ये केंद्रीय शिक्षण राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विन चुकीचा आहे, शाळा-कॉलेजात ते बदलायला हवं, असं जाहीर केलं, ते तेव्हाच्या औरंगाबादेत. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी एकत्र पत्रक काढून विरोध केला. पुढे एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. कारण दिलं अभ्यासाचा भार कमी करण्याचं. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे, पण तिथवर सगळी मुलं कुठे जातात? अठराशेहून जास्त शास्त्रज्ञ-शिक्षकांनी खुल्या पत्रावर सह्या केल्या. बालभारतीच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञानात मात्र दुसऱ्या भागाचं पहिलंच प्रकरण 'आनुवंशिकता व उत्क्रांती' होतं. तुमची भाचरं-पुतणी तिकडे शिकत असतील, तर पुढच्या फोनवर त्यांच्या पुस्तकात काय आहे ते विचारा.