आधी थांबावे, मग धावावे
जुन्या मोटारसायकलचा घरच्या घरी जीर्णोद्धार

जुनी वस्तू मोडीत घालणे सोपे असते. ती समजून घेऊन पुन्हा कामास लावणे कठीण असते. परंतु जे कठीण, त्यातच शिक्षण अधिक. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, घर्षणापासून उष्णता उत्पन्न होते, वेगाबरोबर ऊर्जा वाढते, ही सूत्रे आपण शाळेच्या फळ्यावरून वहीत उतरवून घेतो. परीक्षा झाली की ती वहीतच राहतात. ज्याने एखादे यंत्र स्वतः खोलून, पुसून, मोजून पुन्हा जोडले आहे, त्याच्या मनातून मात्र ती सहसा जात नाहीत. सबब या लेखात एका जुन्या मोटारसायकलच्या इंजिनाचे व ब्रेकांचे काम घरी कसे करावे, याचे दिग्दर्शन करण्याचे आम्ही योजिले आहे.

उदाहरणादाखल आम्ही ३५० सी.सी.ची जुनी बुलेट घेतो. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच येथील रॉयल एन्फील्ड कंपनीची. १९५५ साली मद्रास येथे एन्फील्ड इंडिया ही कंपनी निघाली व गाडी आपल्या देशात तयार होऊ लागली. पुढे इंग्लंडातील मूळ धंदा १९७० च्या सुमारास संपुष्टात आला. पण मद्रासेस लावलेली फांदी तगली आणि मूळ झाडाहून अधिक फोफावली. ओतीव लोखंडी सिलिंडरच्या त्या जुन्या गाड्या आजही खेडोपाडी व शहरांतून दिसतात. त्यांची रचना साधी असून बहुतेक भाग साध्या पान्यांनी खोलता येतात. शिकणाऱ्यास याहून चांगले क्रमिक पुस्तक कोणते मिळणार?

या इंजिनात एकच सिलिंडर असतो. त्याचा व्यास ७० मिलिमीटर, आणि आत वरखाली सरकणाऱ्या दट्ट्याची, म्हणजे पिस्टनची, एका खेपेची चाल ९० मिलिमीटर. वर्तुळाच्या क्षेत्रफळास चालीने गुणिले असता सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येतात. ‘साडेतीनशे’ हे नाव त्यावरून पडले. पिस्टन खाली येताना पेट्रोल व हवा यांचे मिश्रण आत ओढतो; वर जाताना ते दाबतो; ठिणगी पडून ते पेटले की जोराने खाली ढकलला जातो; आणि पुन्हा वर जाताना जळका धूर बाहेर लोटतो. या चार खेपांपैकी एकच काय ती कमाईची. उरलेल्या तीन तिच्या जोरावर चालतात. मिनिटास ३,००० फेरे होत असता पिस्टनला दर सेकंदास शंभर खेपा कराव्या लागतात, आणि सरासरीने तो सेकंदास ९ मीटर धावतो. अशा धावपळीत तेलाचा पातळसा थर आणि योग्य अंतर एवढेच त्याचे रक्षण करतात, हे ध्यानात असावे.

आता प्रश्न असा की, कामास हात कोठून घालावा? बहुतेकांचा ओढा इंजिनाकडे असतो. इंजिन गर्जना करते, त्याची सर्वांस ऐट वाटते. ब्रेक बिचारा मुकाट्याने चाकात दडून बसलेला असतो. हाताशी असलेला पैसा व उत्साह इंजिनावर खर्ची पडतो आणि ब्रेकाची पाळी येते तेव्हा दोन्ही संपलेले असतात. आमच्या मते हा क्रम सर्वस्वी उलटा आहे. प्रथम ब्रेक, मागाहून इंजिन.

याचे कारण गणिताने दाखविता येते. गाडी व स्वार मिळून वजन २४० किलो धरू. ताशी ३० किलोमीटर वेगाने जाताना त्यांच्या अंगी सुमारे ८,३०० ज्यूल गतिज ऊर्जा असते. वेग दुप्पट, म्हणजे ६० किलोमीटर केला, तर ती दुप्पट न होता चौपट होते. ३३,३०० ज्यूलांच्या घरात जाते. गाडी थांबविणे म्हणजे या ऊर्जेची उष्णता करून ती हवेत सोडून देणे होय. इतक्या उष्णतेने १०० ग्रॅम थंड पाणी उकळीला येईल! एवढी उष्णता चाकातील दोन अर्धवर्तुळाकार पट्ट्यांना व लोखंडी ड्रमला काही सेकंदांत सोसावी लागते. इंजिनाची दुरुस्ती करून आपण गाडीचा वेग वाढवितो. म्हणजेच ब्रेकावरील भार वर्गाच्या प्रमाणात वाढवितो. मग ब्रेक जुनाच ठेवून इंजिन नवे करणे म्हणजे पडक्या बांधामागे तळे भरण्यासारखे नव्हे काय?

आम्ही ज्या गाडीचे काम आमच्या पडवीत केले, तिची गोष्ट या संबंधात सांगण्याजोगी आहे. गाडीच्या टाकीस नुकताच काळा रंग देऊन त्यावर सोनेरी रेघा ओढल्या होत्या, आणि इंजिनही एका लाथेसरशी सुरू होत असे. परंतु मागचे चाक उतरविले तेव्हा ब्रेकाचे लायनिंग रिव्हेटांच्या डोक्यांपर्यंत झिजलेले दिसले. उरले होते तेही ग्रीसने माखून काचेसारखे गुळगुळीत झाले होते, आणि रिव्हेटांनी ड्रममध्ये चर पाडले होते. पूर्वीच्या मालकाच्या घरची दोन लहान मुले याच गाडीवर मागे बसून रोज शाळेत जात असत. हे ऐकून आम्ही काही वेळ हातातला पाना खाली ठेवून तसेच बसलो. चकचकीत टाकीने सर्वांचेच डोळे दिपविले होते. चाकाच्या आत डोकावून कोणी पाहिलेच नव्हते.

आता ब्रेकाची रचना पाहू. चाकाच्या मध्यभागी लोखंडी ड्रम असतो. तो चाकाबरोबर फिरतो. त्याच्या आत न फिरणाऱ्या तबकडीवर दोन ब्रेक-शू बसविलेले असतात. त्यांची एका बाजूची टोके खिळीवर टेकलेली असतात, आणि दुसऱ्या बाजूस दोहोंच्या मध्ये एक चपटा कॅम असतो. आपण पायाने वा हाताने ब्रेक दाबला की कॅम आडवा फिरून दोन्ही शू फाकवितो व ते ड्रमला आतून घासतात. यातील गंमत अशी की, ज्या शूचे कॅमकडील टोक ड्रमच्या फिरण्याच्या दिशेने पुढे असते, त्यास ड्रम स्वतःच ओढून अधिक घट्ट बसवितो. दुसऱ्यास मात्र तो मागे ढकलू पाहतो. म्हणून दोन शू असले तरी दोघांचे काम सारखे नसते.

ड्रम उघडताच आत काळसर धूळ दिसते. ती फुंकून उडवू नये, हवेच्या झोतानेही नव्हे. जुन्या लायनिंगमध्ये पुष्कळदा अ‍ॅस्बेस्टॉस असे, आणि त्याचे डोळ्यांस न दिसणारे तंतू फुप्फुसांत गेल्यास कर्करोगासारखे दुर्धर रोग होतात, हे आता निर्विवाद ठरले आहे. नाकातोंडास चांगला मास्क बांधावा, ओल्या फडक्याने धूळ टिपावी व ते फडके पिशवीत बांधून टाकावे. तेलकट झालेले लायनिंग धुऊन वा घासून पुन्हा वापरण्याच्या मोहात पडू नये, कारण तापताच मुरलेले तेल परत वर येते, ते बदलावेच. ड्रमचा व्यास दोन-तीन दिशांनी मोजावा. सर्वत्र सारखा न भरल्यास ड्रम लंबगोल झाला असे समजावे. अशा ड्रममुळे ब्रेक दाबताना पायाखाली हिसके बसतात. तो लेथवर साफ करून घेता येतो. मात्र ठरलेल्या मर्यादेपलीकडे कातल्यास तो पातळ होऊन निरुपयोगी ठरतो. कॅमच्या दांडीस ग्रीस अगदी बोटभर लावावे. अधिक लावल्यास ते लायनिंगवर ओघळते.

जोडणीच्या वेळी दोन गोष्टी विसरू नयेत. पहिली अशी की, आसाचा नट पक्का आवळण्यापूर्वी चाक फिरवून ब्रेक जोराने दाबावा व तसाच दाबून धरून नट आवळावा. तेणेकरून दोन्ही शू ड्रमच्या मध्याशी बरोबर बसतात. दुसरी अशी की, ब्रेक पूर्ण लागला असता कॅमचा दांडा व त्यास ओढणारी तार किंवा सळई यांत जवळजवळ काटकोन असावा. कोन याहून फार वेगळा झाल्यास आपले पुष्कळसे बळ फुकट जाते. भौतिकशास्त्रातील तरफेचा नियम तो हाच. तारेचा एक जरी धागा तुटलेला दिसला तरी तार नवी घालावी.

ब्रेक मनासारखे झाले म्हणजे इंजिनास हात घालावा. खोलण्यापूर्वी बाहेरचा चिखल व तेल धुऊन काढावे, नाही तर माती आत जाते. धुण्यास पेट्रोल घेऊ नये. त्याची वाफ दूरच्या ठिणगीनेही पेटते. रॉकेलही उघड्या हवेत व विस्तवापासून दूरच वापरावे. काढलेला प्रत्येक भाग निरनिराळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. स्मरणशक्तीवर विसंबणाऱ्याच्या हाती शेवटी दोन वायसर उरतात आणि ते कोठले, हे त्यास सांगता येत नाही.

हेड व सिलिंडर उतरविल्यावर पारख अंदाजाने नव्हे, मापाने करावी. सिलिंडर सर्वत्र सारखा झिजत नाही. जेथे वरची रिंग थांबून परत फिरते, तेथे तेल कमी व उष्णता अधिक असल्याने झीज सर्वांत जास्त होते. म्हणून वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्याउभ्या दिशांनी माप घ्यावे. झीज मर्यादेबाहेर असेल तर सिलिंडर बोअर करून थोडा मोठा पिस्टन घालावा लागतो. व्यास अर्ध्या मिलिमीटरने वाढला तर इंजिन सुमारे ३५१ घन सेंटिमीटरांचे होते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः गणित करून पाहावे.

रिंगेच्या दोन टोकांत फट का ठेवितात, असे मुले हमखास विचारतात. ७० मिलिमीटर व्यासाच्या रिंगेचा परिघ सुमारे २२० मिलिमीटर. ओतीव लोखंड दर अंशास आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांश वाढते. रिंग सिलिंडरच्या भिंतीहून १०० अंश अधिक तापली तर ती सुमारे पाव मिलिमीटर लांब होईल. फट नसेल तर टोके एकमेकांस भिडतील, रिंग भिंतीस करकचून दाबेल आणि इंजिन जाम होईल. फट फार मोठी असेल तर दाब निसटेल. म्हणून रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून फिलर गेजने फट तपासावी व निर्मात्याच्या पुस्तिकेतील आकड्याशी ताडून पाहावी.

व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर ग्राइंडिंग पेस्टने हळूहळू घासून बसवावेत. नंतर पेस्टचा कण न कण पुसून काढावा, व्हॉल्व्ह स्प्रिंगांसह जागेवर बसवावेत आणि हेडच्या तोंडात थोडे रॉकेल ओतून पाहावे. ते झिरपले नाही तर बैठक चांगली जमली असे समजावे. हेडचे नट एकदम एकाच बाजूने न आवळता समोरासमोर, थोडे थोडे करून आवळावेत.

सर्वच कामे घरी होतात असे मात्र नाही. सिलिंडर बोअर करणे, क्रँक दाबून वेगळा करणे व पुन्हा सरळ जुळविणे, ड्रम कातणे, ही कामे यंत्रसामग्री असलेल्या कुशल कारागिराकडेच द्यावीत. आपल्या हाताची सीमा ओळखणे हाही कसबाचाच एक भाग आहे.

पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी तेलाकडे विशेष लक्ष द्यावे. या इंजिनात दोन पंप असून एक तेल पुरवितो व दुसरा खाली साचलेले तेल परत आणतो. खोलल्यानंतर तेलाचे मार्ग कोरडे झालेले असतात. म्हणून फिल्टरची जागा तेलाने भरून घ्यावी आणि सुरू करताच हेडकडे जाणाऱ्या बाहेरच्या नळीचा बोल्ट किंचित सैल करून तेल झिरपते की नाही ते पाहावे. तेल न आल्यास इंजिन तत्काळ बंद करावे. हे सर्व उघड्यावर करावे. बंद खोलीत इंजिन चालविल्यास वासरहित कार्बन मोनॉक्साइड साचून माणूस नकळत प्राणास मुकतो.

पहिली परीक्षा मोकळ्या जागेत, माणसाच्या चालीने गाडी नेऊन, केवळ थांबण्याची घ्यावी. येथे एक सूचना आवश्यक आहे. या जुन्या बुलेटींत गिअर उजव्या पायाशी व मागचा ब्रेक डाव्या पायाशी असतो; आजच्या गाड्यांच्या नेमका उलट. संकटकाळी पाय विचार करीत नाही, सवयीने चालतो. म्हणून नवी सवय जडेपर्यंत रस्त्यावर येऊच नये. पुढे पहिले काही शे किलोमीटर वेग बेताचा ठेवून नव्या भागांस एकमेकांची ओळख होऊ द्यावी.

विद्यार्थिमित्रहो, अशी गाडी चालविण्याचा परवाना कायद्याने १८ वर्षे पूर्ण झाल्याखेरीज मिळत नाही. पण ती समजून घेण्यास वयाची अट नाही. आपल्या वडिलांच्या, काकांच्या वा ओळखीच्या मिस्त्रींच्या शेजारी बसा, दिवा धरा, माप वाचा, प्रश्न विचारा. आणि पालकांस आमची विनंती अशी की, मुलांचे हात काळे झाले म्हणून रागावू नये. ज्या मुलाने पंधराव्या वर्षी ब्रेकाचा ड्रम स्वतः पुसून मोजला आहे, तो अठराव्या वर्षी रस्त्यावर आला म्हणजे वेगाची किंमत जाणून येईल.